एफएमच्या लहरींवरून बाजारभाव : सामुदायिक रेडिओ केंद्रावर आरडीएस बसवतानाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

आमचे केंद्र गोदावरीकाठच्या एका तालुक्याच्या गावी आहे. वारंवारता ९०.४ मेगाहर्ट्झ, ट्रान्समीटर ५० वॉटचा, मनोरा ३० मीटरचा आणि प्रसारण सकाळी ६ ते १० व संध्याकाळी ५ ते ९ असे चालते. त्याच ट्रान्समीटरमधून आवाजाबरोबर अक्षरेही पाठवावीत, म्हणजे रेडिओच्या पडद्यावर केंद्राचे नाव, बाजार समितीतील दिवसाचे भाव आणि हवामानाचा इशारा दिसेल, असा निर्णय व्यवस्थापन समितीने घेतला आहे. पद्धत नवी नाही. युरोपीय प्रसारण संघाने १९८४ साली रेडिओ डेटा सिस्टीमचा, म्हणजे आरडीएसचा, पहिला आराखडा प्रसिद्ध केला आणि आज बहुतेक मोटारींच्या रेडिओत तिचा डिकोडर असतोच. ज्या छोट्या केंद्रांना हेच काम करायचे आहे त्यांच्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

कामापुरते इतके पुरे : प्रसारण स्टिरिओ आहे हे रेडिओला सांगणारा पायलट टोन १९ किलोहर्ट्झवर असतो, त्याच्या तिप्पट म्हणजे ५७ किलोहर्ट्झवर आरडीएसचा सबकॅरिअर, म्हणजे अक्षरे वाहणारी उपलहर, बसतो आणि त्यावरून सेकंदाला ११८७.५ बिट जातात. दुरुस्तीचे बिट धरूनचा हा आकडा आहे. आजच्या हिशेबात तो हास्यास्पद वाटेल, पण भाव सांगायला पुरतो.

परवान्यातील वारंवारता आणि शक्ती यांना हात लावायचा नाही, आणि आवाज, पायलट व आरडीएस मिळून एकूण डेव्हिएशन, म्हणजे मूळ वारंवारतेपासूनचे सरकणे, ७५ किलोहर्ट्झच्या आतच ठेवायचे, हे आधीच लिहून घेतले. उपकरणाची माहिती जोडून संबंधित कार्यालयाला पत्रही यंत्र मागवण्यापूर्वी दिले. हा क्रम उलटा करू नये.

१३ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न स्वस्तातला. केंद्रात पडून असलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) आणि त्याला जोडलेले यूएसबी साउंड कार्ड यांतून ५७ किलोहर्ट्झचा संकेत तयार करून ट्रान्समीटरला द्यायचा, अशी योजना होती. पायच्या पिनेतून थेट एफएम लहर काढणारी सॉफ्टवेअरेही मिळतात, परंतु त्या चौकोनी लहरीबरोबर हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी, भलतीकडे पसरतात आणि परवाना आपल्या ट्रान्समीटरला दिलेला असतो, पायला नव्हे. त्यामुळे तो मार्ग विचारातही घेतला नाही.

साउंड कार्डाच्या खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ असे ठळक छापलेले आहे. अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे शक्ती हवेत न सोडता जिरवणारा रोध, लावून ट्रान्समीटर कमीत कमी शक्तीवर चालू केला आणि आरटीएल-एसडीआर डोंगलवर (संगणकाला जोडायच्या यूएसबी रेडिओ रिसीव्हरवर) पाहिले, तर ५७ किलोहर्ट्झच्या जागी काहीच नव्हते. पहिले कारण लवकर सापडले : पायवरील ध्वनिव्यवस्था सगळे काही ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगवर (सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर) आणून मगच कार्डाकडे पाठवत होती, आणि त्या दराने २४ किलोहर्ट्झच्या वरचे काही निर्माणच होऊ शकत नाही. ती मधली व्यवस्था वगळून सॉफ्टवेअर थेट कार्डाशी जोडले, तेव्हा ५७ किलोहर्ट्झवर एक फिकट रेघ उमटली. ती इतकी अशक्त का, हे पाहण्यासाठी १० ते ६० किलोहर्ट्झपर्यंत साइन लहर सरकवत ऑसिलोस्कोप लावला. २२ किलोहर्ट्झ ओलांडताच लहरीची उंची उतरू लागली आणि ५७ पर्यंत पोचताना ती गोंगाटात मिसळली. म्हणजे सॅम्पलिंगचा दर खरा होता, पण बाहेर पडण्याच्या वाटेवर कानाच्या मर्यादेपुरताच फिल्टर बसवलेला होता. खोक्यावरचा आकडा त्या फिल्टरबद्दल काही सांगत नाही.

चांगले कार्ड घेऊन हे जमते, जमवणारे आहेत. मात्र आमच्याकडे दिवसातून एकदा तरी वीज जाते, आणि प्रत्येक वेळी पाय सुरू होऊन सॉफ्टवेअर उभे राहीपर्यंत केंद्राचे नाव पडद्यावरून गायब राहणे पसंत नव्हते. शेवटी स्वतंत्र एन्कोडर, म्हणजे आरडीएसचा संकेत तयार करणारे यंत्र, मागवला. कर व वाहतूक धरून तो सुमारे २६ हजारांना पडला. साउंड कार्ड संपादनाच्या टेबलावर गेले, तिथे ते उत्तम चालते. पाय राहिला, पण त्याचे काम आता एन्कोडरला मजकूर पुरवण्याचे असेल.

एक सूचना : डोंगल ट्रान्समीटरच्या खोलीत अँटेनासह लावू नये. डमी लोड असला तरी जवळच्या शक्तीने तो इतका भरून जातो की नसलेल्या रेघा दिसू लागतात. आम्ही तो अँटेना काढून शेजारच्या खोलीत ठेवला, तेव्हा चित्र निवळले.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी होती, दुपारी प्रसारण नव्हते आणि एन्कोडरही हातात आला होता, म्हणून जोडणीला बसलो.

आमच्या ट्रान्समीटरच्या मागे तीन सॉकेट कामाची आहेत : आवाजासाठी डावे-उजवे, एमपीएक्स (आवाज, पायलट वगैरे एकत्र केलेल्या संकेतासाठी) आणि एससीए (जादा सबकॅरिअरसाठी). आवाजाच्या सॉकेटचा प्रश्नच येत नाही. तिथे १५ किलोहर्ट्झचा फिल्टर आणि ५० मायक्रोसेकंदांचे प्री-एम्फसिस (उंच सूर वाढवणारी जोडणी) लागलेले असते, ५७ किलोहर्ट्झ तिथून पलीकडे जाणार नाही. एमपीएक्सचे सॉकेट मात्र फसवे निघाले. पुस्तिकेत ‘आरडीएस येथे जोडावे’ अशा अर्थाचे वाक्य आहे, म्हणून केबल तिथे लावली, आणि संध्याकाळची वेळ जवळ येईपर्यंत पडद्यावर एक अक्षर आले नाही. पुस्तिका पुन्हा वाचल्यावर उलगडा झाला की ते वाक्य बाहेरचा स्टिरिओ जनरेटर वापरणाऱ्यांसाठी आहे. ट्रान्समीटरच्या पोटातला स्टिरिओ जनरेटर चालू असताना एमपीएक्सचे सॉकेट बंदच असते. केबल एससीएमध्ये घातली आणि ५७ किलोहर्ट्झवर दोन बाजूंना सारखे पसरलेले दोन उंचवटे डोंगलच्या वॉटरफॉलवर, म्हणजे वारंवारतांच्या सरकत्या चित्रावर, लगेच दिसले. मधला कॅरिअर दाबलेला असल्यामुळे मध्यभागी फट दिसते. तशीच ती दिसायला हवी.

दुसरी केबल ट्रान्समीटरच्या १९ किलोहर्ट्झच्या सॉकेटातून एन्कोडरकडे नेली. स्टिरिओ प्रसारणात आरडीएसचा सबकॅरिअर पायलटच्या तिसऱ्या हार्मोनिकशी बांधलेला असावा, त्याच्या फेजशी, म्हणजे लहरीच्या चढउताराच्या क्षणांशी, जुळणारा किंवा त्याला काटकोनात, आणि फरक १० अंशांच्या आत, असे मानक सांगते. एन्कोडरवरचा हिरवा दिवा स्थिर झाला की लॉक झाले. आमचा दिवा मिनिटाला एकदोनदा मिचकत होता; बीएनसी कनेक्टरमधली मधली पिन सैल होती. नवी क्रिम्प करून घेतली.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस पातळी ठरवण्याचा. आरडीएसचे डेव्हिएशन १ ते ७.५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात कुठेही ठेवता येते आणि २ किलोहर्ट्झची शिफारस आहे, पण ते मोजायचे यंत्र छोट्या केंद्राकडे नसते. आमच्याकडेही नाही. त्यावर काढलेला उपाय सविस्तर लिहितो, कारण नेमका हाच भाग कुठे लिहिलेला सापडला नव्हता.

आमच्या ट्रान्समीटरचा पायलट ९ टक्क्यांवर, म्हणजे ६.७५ किलोहर्ट्झवर, कारखान्यातून लावून आलेला आहे आणि ट्रान्समीटरचा स्वतःचा मीटरही तेच दाखवतो. आवाज पूर्ण बंद केला, आरडीएसची केबल काढली आणि एमपीएक्स मॉनिटरच्या सॉकेटला जुना ॲनालॉग ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर आता फक्त पायलट होता. उभ्या मापाचे व्हेरिएबल बटण फिरवत त्या लहरीची तळापासून माथ्यापर्यंतची उंची पावणेसात चौकटींवर आणली. इथून पुढे एक चौकट म्हणजे एक किलोहर्ट्झ. ते बटण मग चिकटपट्टी लावून बंद केले, कारण धक्का लागला तर सगळे माप जाते. त्यानंतर ट्रान्समीटर मोनोवर टाकून पायलट घालवला, आरडीएसची केबल जोडली आणि एन्कोडरच्या वाटेत सोल्डर केलेला दहा किलोओहमचा प्रीसेट (बदलता रोध) फिरवत सर्वांत उंच शिखर दोन चौकटींत बसवले. आरडीएसची लहर साइनसारखी स्थिर नसते, तिची उंची सतत कमी-जास्त होत राहते. म्हणून सरासरीकडे न पाहता सर्वांत मोठ्या फुगवट्याकडे पाहावे. कारखान्यातून आलेल्या पातळीवर तोच फुगवटा पडद्याबाहेर जात होता, म्हणजे काल संध्याकाळी आम्ही किमान आठ किलोहर्ट्झ पाठवत होतो. दोन श्रोत्यांनी ‘आवाजामागे चरचर आहे’ असे फोनवर कळवले होते, त्याचे कारण बहुधा हेच.

आरडीएसला दिलेले डेव्हिएशन आवाजाच्या वाट्यातून कापावे लागते. आवाजाची कमाल पातळी रोखणारा लिमिटर तेवढा खाली आणला. कानाला फरक जाणवला नाही.

एक नवे दुखणे मात्र लागले. एन्कोडर जोडला की निवेदकाच्या थांब्यांमध्ये बारीक घुं ऐकू येऊ लागली, ५० हर्ट्झची. आमच्या ट्रान्समीटरच्या एससीए सॉकेटवर हाय-पास फिल्टर (खालच्या वारंवारता अडवणारा) नाही, त्यामुळे दोन वेगळ्या अर्थिंगमुळे बनलेल्या वेटोळ्यातून आलेला विजेच्या मेनचा आवाज सरळ आत जात होता. सोपा उपाय म्हणून मालिकेत एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर घालायचे मनात आले; त्याने ५० हर्ट्झ जवळजवळ संपतो. परंतु दहा किलोओहमबरोबर तोच कपॅसिटर ५७ किलोहर्ट्झला सुमारे १५ अंशांनी सरकवतो आणि वर म्हटल्याप्रमाणे सवलत १० अंशांची आहे. म्हणून तो बेत सोडला आणि एन्कोडरचा अडॅप्टर भिंतीच्या दुसऱ्या सॉकेटवरून काढून ट्रान्समीटरच्याच पट्टीवर घेतला. घुं थांबली.

३ मार्च

पाय आणि एन्कोडर यांच्यातील सिरिअल केबलवरून पाठवलेला मजकूर दुपारी चाचणीत व्यवस्थित पोचतो आणि संध्याकाळी प्रसारण सुरू झाले की अर्धवट पोचतो, असे चालले होते. सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधण्यात बराच वेळ गेला. वास्तविक दुपारच्या चाचणीत ट्रान्समीटर डमी लोडवर असतो आणि संध्याकाळी अँटेनावर, एवढा एकच फरक होता, आणि तोच पुरेसा होता : तीन मीटरची साधी, शील्ड नसलेली केबल मनोऱ्याच्या अगदी खालून जात होती व अँटेनासारखी वागत होती. केबल एक मीटरची केली, शील्डवाली घेतली, शील्ड फक्त एन्कोडरच्या बाजूला अर्थ केले आणि दोन्ही टोकांना फेराइट क्लिप चढवल्या. या सगळ्याचा खर्च चारशे रुपयांच्या आत. त्याशिवाय पायवरच्या स्क्रिप्टमध्ये (मजकूर पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) एक सुधारणा केली : प्रत्येक आज्ञेनंतर एन्कोडरकडून पोच आल्याशिवाय पुढची आज्ञा पाठवायची नाही. आधी ती पोच वाचलीच जात नव्हती.

६ मार्च

ओळख देणारे आकडे आज भरले. हे काम आधी करायला हवे होते.

प्रत्येक केंद्राला चार षोडशमान अंकांचा (० ते ९ आणि ए ते एफ) एक पीआय, म्हणजे ओळखीचा, कोड असतो. पहिला अंक देशाचा, भारतासाठी ५. हाच अंक इटलीलाही आहे, म्हणून देश नेमका ओळखता यावा यासाठी एफ२ हा विस्तारित देशसंकेत वेगळा पाठवावा लागतो. दुसरा अंक प्रसारणक्षेत्राचा. एकाच ट्रान्समीटरच्या स्थानिक केंद्रासाठी ०. उरलेले दोन केंद्राचे. आम्ही गेला आठवडाभर कारखान्यातून आलेला कोड तसाच चालू ठेवला होता, आणि मोटारीचे रेडिओ केंद्र जतन करताना वारंवारतेबरोबर हा कोडही लक्षात ठेवतात. आज कोड बदलल्यावर, आमचे केंद्र बटणावर जतन केलेल्या एका जीपचालकाचा रेडिओ ते बटण दाबताच जुन्या कोडचे केंद्र शोधत पट्टाभर धावू लागला. बटण पुन्हा जतन केल्यावर तो शांत झाला. पहिले अक्षर हवेत जाण्यापूर्वी पीआय कोड कायमचा ठरवून टाकावा.

दुसऱ्या कोणत्याही वारंवारतेवर आमचे प्रसारण नाही, त्यामुळे पर्यायी वारंवारतांची यादी रिकामी असल्याचा संकेत पाठवला.

केंद्राच्या नावाला आठ जागा मिळतात आणि जुन्या अक्षरतक्त्यात देवनागरी नाही. नाव रोमन अक्षरांत लिहायचे म्हटले की मराठीची पंचाईत होते. ‘बाजारभाव’ या पाच अक्षरांना तिथे नऊ जागा लागतात. आमच्या नावातील स्वर गाळून ते आठांत बसवले. समितीतील काहींचा आग्रह होता की या आठ जागांतूनच भाव सरकत दाखवावेत, म्हणजे साध्यातल्या साध्या रेडिओवरही दिसतील. मी नकार दिला. ही जागा स्थिर नावासाठी आहे असे मानकच सांगते, काही रेडिओ सरकत्या नावाचा अर्धा तुकडाच बटणावर जतन करून ठेवतात, आणि गाडी चालवणाऱ्याने आठ-आठ अक्षरे जोडत भाव वाचत बसावे हे मला धोक्याचे वाटते. भाव रेडिओटेक्स्टमध्येच, म्हणजे ६४ अक्षरांच्या मजकुराच्या वेगळ्या जागेतच, जातील.

कार्यक्रमाचा प्रकार म्हणून ५, म्हणजे शिक्षण, निवडला होता. युरोपीय तक्त्यात तो शिक्षण आहे, अमेरिकन तक्त्यात मात्र ५ म्हणजे रॉक संगीत. एका कार्यकर्त्याच्या आयात केलेल्या रेडिओवर सेंद्रिय खतांच्या चर्चेखाली ‘रॉक’ असे झळकत होते, याचा सगळ्यांना आनंद झाला. तक्ता रेडिओत ठरलेला असतो, आपल्याकडून त्यावर इलाज नाही. ५ तसाच ठेवला.

११ मार्च

डोंगल, लॅपटॉप आणि गाडीच्या टपावर चुंबकाने बसणारी अँटेना घेऊन तालुक्याच्या चारही दिशांना फिरलो. रेडसी हे मुक्त सॉफ्टवेअर आलेले गट, म्हणजे आरडीएसच्या माहितीचे ठरावीक तुकडे, उलगडून दाखवते आणि गटांतले किती ब्लॉक (उपतुकडे) खराब आले तेही सांगते, त्यामुळे अंदाजाला जागा राहत नाही.

दोन किलोहर्ट्झवर नाव साधारण सात-आठ किलोमीटरपर्यंत पटकन येत होते आणि रेडिओटेक्स्ट त्याच्या बरेच आधी तुटू लागत होता. कारण उघड आहे : नाव पूर्ण व्हायला चार गट लागतात, ६४ अक्षरांना सोळा. एन्कोडर सेकंदाला ११.४ गट पाठवतो. ते दोन्हींत समान वाटले तर चांगल्या संकेतात नाव पाऊण सेकंदात आणि पूर्ण मजकूर तीन सेकंदांच्या आत पोचतो, पण मधले गट गळू लागले की मजकुराला अनेक फेऱ्या वाट पाहावी लागते. नदीच्या खोलगट भागात आणि साखर कारखान्याच्या पत्र्यांच्या शेडमागे संकेत दोन वाटांनी येत असावा. आवाज ठीक असूनही तिथे अक्षरे अजिबात जुळत नव्हती.

परत आल्यावर सगळ्यात परिणामकारक बदल केला : ट्रान्समीटर कायमचा मोनोवर टाकला. आरडीएसला पायलट लागतोच असे नाही. तो नसेल तर एन्कोडर स्वतःच्या क्रिस्टलवर ५७ किलोहर्ट्झ धरून ठेवतो आणि रेडिओ ते विनातक्रार घेतात. आमचे बहुतेक कार्यक्रम बोलण्याचे आहेत, ओव्या आणि भजनांचे ध्वनिमुद्रणही एकाच मायक्रोफोनवर झालेले आहे, आणि दुबळ्या संकेतात स्टिरिओमुळे गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढतो. जी गोष्ट आपल्या संग्रहातच नाही तिच्यासाठी कडेच्या गावांना खरखर का ऐकवायची? पायलटचे ९ टक्के मोकळे झाले, त्यांतून आरडीएसला ३ किलोहर्ट्झ दिले आणि उरलेले आवाजाला परत केले. एन्कोडरमध्ये ‘पायलट नसल्यास आतला क्रिस्टल’ ही निवड हाताने चालू करावी लागली; तोपर्यंत मोनोवर जाताच तो गप्प बसत होता. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांवर रेडिओटेक्स्ट दहा किलोमीटरच्या आसपास पूर्ण येताना दिसला. साखर कारखान्यामागे अजूनही येत नाही.

१७ मार्च

आज बाजार समितीचे भाव पहिल्यांदा हवेत गेले आणि अर्ध्या तासात बंद करावे लागले.

मजकूर आळीपाळीने जात होता. आधी ‘सोयाबीन : ४०००’, मग ‘कांदा : १४५०’. रोमन लिपीत आणि मोकळ्या जागा धरून पहिल्याची १४ अक्षरे होतात, दुसऱ्याची १२. रेडिओटेक्स्टच्या एका गटात चार अक्षरे मावतात, म्हणजे कांद्याचा मजकूर नेमका तीन गटांत संपत होता आणि चौथा गट जातच नव्हता. रेडिओच्या स्मृतीत चौथ्या गटाच्या जागी सोयाबीनची शेवटची दोन शून्ये तशीच राहिली, आणि एका व्यापाऱ्याच्या गाडीतील पडद्यावर कांदा क्विंटलला १,४५,००० रुपये झाला. त्याने छायाचित्र काढून गावभर पाठवले.

यासाठी मानकात दोन सोयी आहेत आणि दोन्ही वापराव्या लागतात. मजकूर ६४ पेक्षा लहान असेल तर शेवटी ‘मजकूर संपला’ असे सांगणारे नियंत्रण-अक्षर पाठवायचे, आणि नवा मजकूर सुरू करताना ए-बी ध्वज (एका बिटाची खूण) उलटवायचा, म्हणजे रेडिओ आधीचा पडदा पुसून टाकतो. आमच्या एन्कोडरमध्ये ध्वज आपोआप उलटण्याची निवड कारखान्यातून बंद होती. काही जुने रेडिओ ध्वजाकडे लक्ष देत नाहीत, म्हणून शेवटी मजकूर मोकळ्या जागांनी ६४ पर्यंत भरूनही पाठवू लागलो. वेळ थोडा अधिक लागतो, पण शून्ये उरत नाहीत.

२४ मार्च

घड्याळाची भानगड. आरडीएसमधून दर मिनिटाला वेळही पाठवता येते आणि अनेक मोटारी आपले घड्याळ त्यावर लावतात. पाठवायची असते जागतिक प्रमाणवेळ, सोबत स्थानिक फरक अर्ध्या-अर्ध्या तासांच्या मापात, भारतासाठी ११. पायचे घड्याळ भारतीय वेळेवर होते, स्क्रिप्टने तीच वेळ जागतिक म्हणून पाठवली आणि वर ११ जोडले. सकाळी ९ वाजता गाड्यांमध्ये दुपारचे अडीच वाजू लागले. हे एका ओळीत सुटले.

यापुढचे अधिक त्रासदायक होते. आमच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. रात्री वीज गेली, पहाटे आली, इंटरनेट मात्र आले नाही, आणि पायने बंद होण्यापूर्वी टिपून ठेवलेली वेळच पुढे मोजायला घेतली. तीच वेळ सकाळभर प्रसारित झाली. डीएस३२३१ चे घड्याळ-मॉड्यूल घेतले. त्याच्या निळ्या, स्वस्त आवृत्तीत रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी चार्जिंगची जोडणी असते आणि दुकानदार मात्र साधा सीआर२०३२ सेल घालून देतो. साध्या सेलला चार्ज करणे धोक्याचे असल्याने त्या वाटेतला छोटा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाकला. आता स्क्रिप्ट हे घड्याळ आणि इंटरनेटवरील वेळ ताडून पाहते. इंटरनेट नसेल तर घड्याळावर विश्वास ठेवते, आणि दोन्हींत दोन सेकंदांहून अधिक फरक दिसला तर वेळेचे प्रसारणच बंद करते.

२ एप्रिल

पाडव्याच्या सुट्टीमुळे बाजार बंद होता, आणि तरीही पडद्यावर भाव चालू होते : शनिवारचे. कारण दुहेरी. पायकडे नवा मजकूर आला नाही म्हणून तो जुनाच पाठवत राहिला; आणि पाय बंद केला तरी एन्कोडर शेवटचा मजकूर आपल्या कायम स्मृतीतून पाठवत राहतो, ज्या गुणासाठी आम्ही तो विकत घेतला होता. जुना भाव वाचून कोणी माल भरून निघाले तर भाड्याचे पैसे त्याच्या खिशातून जातात, म्हणून हा दोष मला कांद्याच्या शून्यांपेक्षा गंभीर वाटतो. १,४५,००० हा आकडा खोटा आहे हे कोणालाही कळते. शनिवारचे १४५० बुधवारी खोटे आहेत हे कळत नाही.

आता रचना अशी आहे. एन्कोडरच्या कायम स्मृतीत केवळ केंद्राचे नाव आणि प्रसारणाच्या वेळा आहेत. भाव व इशारे तात्पुरत्या स्मृतीत जातात, त्यामुळे वीज गेली की ते पुसले जातात. प्रत्येक मजकुराच्या सुरुवातीला तारीख असते आणि प्रत्येकाला मुदत असते : भावांना त्याच दिवशी रात्री ९ पर्यंत, हवामान विभागाच्या इशाऱ्याला त्यात दिलेल्या वेळेपर्यंत. मुदत संपली की स्क्रिप्ट तो मजकूर काढते; नवा आला नसेल तर वेळापत्रक दिसते. पायकडून दहा मिनिटे काहीच आले नाही तर एन्कोडरने आपणहून कायम मजकुरावर परतावे, ही सोयही त्यात होती, ती चालू केली.

भाव संकेतस्थळावरून आपोआप उचलण्याचा प्रयत्न सोडून दिला आहे. पानाची रचना बदलली की स्क्रिप्ट चुकीच्या रकान्यातला आकडा उचलते, आणि किमान, कमाल व सर्वसाधारण यांतला कोणता आकडा हवा हे तिला सांगून पटत नाही. आमची एक स्वयंसेविका लिलाव संपल्यावर समितीच्या फलकावरून सर्वसाधारण भाव पाहते आणि फोनवरून एका साध्या अर्जात भरते. आदल्या दिवसापेक्षा भाव ३० टक्क्यांहून अधिक वेगळा असेल तर अर्ज तिला पुन्हा विचारतो. यात दिवसाची दहा मिनिटे जातात.

१२ एप्रिल

देवनागरीचे काय, असे सगळेच विचारतात. मानकाच्या नव्या भागांत सोय आहे : ३२ बाइटचे लांब नाव आणि १२८ बाइटचा विस्तारित मजकूर, दोन्ही युनिकोडमध्ये. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते, म्हणजे नावाला दहा आणि मजकुराला बेचाळीस चिन्हे मिळतात. एन्कोडर हे पाठवू शकतो. आम्ही पाठवून पाहिले, रेडसीने ते नीट वाचलेही. पण हाताशी असलेल्या एकाही मोटारीत किंवा फोनमध्ये ते दिसले नाही, आणि तेवढे गट मूळ मजकुरातून कमी झाल्यामुळे कडेच्या गावांत रोमन भावही रेंगाळू लागले. तूर्त बंद ठेवले आहे.

खर्चाचा हिशेब : एन्कोडर २६ हजार, डोंगल व अँटेना सुमारे साडेतीन हजार, घड्याळ, केबल, कनेक्टर, फेराइट मिळून दीड हजार, या कामी न आलेले साउंड कार्ड दोन हजार. पेट्रोल धरलेले नाही. पाय आणि ऑसिलोस्कोप आधीपासूनच होते. ते घ्यावे लागले तर आकडा बराच वाढेल.

एक काम शिल्लक आहे. एन्कोडर ट्रान्समीटरच्या यूपीएसवर घ्यायचा आहे, कारण वीज जाऊन लगेच आली तर ट्रान्समीटर चालू राहतो, पण एन्कोडर पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात तात्पुरत्या स्मृतीतले दिवसाचे भाव पुसले जातात. यूपीएसमध्ये एक सॉकेट मोकळे आहे. फक्त अर्थिंग पुन्हा तपासावे लागेल, नाहीतर ती घुं परत यायची.